मस्कतहून ऐकलेली गाडी

“फोन खाली धर. आणखी खाली. हां. आता रेस दे.”

“दोन्ही एकदम कसं करू? फोन धरू की रेस देऊ?”

“घरात दुसरं कोणी नाही?”

“आई आहेत.”

 मग मस्कतहून माझे यजमान म्हणाले, “मग आईला बसव.”

आणि अशा रीतीनं माझ्या सासूबाई वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. देवळात शिरताना काढतात तशा त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. स्टिअरिंगला हात लावावा की नाही ते न कळून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उजवा पाय मी दाखवलेल्या पेडलवर टेकवला.

“काय गो, दाबू?”

“दाबा. पण हळू.”

गाडी न्यूट्रलमध्ये होती, हँडब्रेक ओढलेला होता, शिवाय चाकांना पुढेमागे जांभ्या दगडाचे चिरे लावले होते. तरी आईंनी डोळे घट्ट मिटले आणि दाबलं. इंजिन असं गरजलं की शेडच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. मी बॉनेटखाली हात लांब करून फोन धरून उभी. थोड्या वेळानं तो कानाला लावला.

“काही कळलं?”

“खडखडाट कळला. असं नाही जमायचं. झाडांना पाणी घालायचा रबरी पाईप आहे ना? त्याचा दोन हात लांब तुकडा कापून ठेव. उद्या याच वेळेला करतो.”

ही गोष्ट दोन हजार अकरा सालच्या मार्च महिन्यातली. माझे यजमान जयवंत रांबाडे. नाव लिहितेय खरी, पण समोर कधी घेतलं नाही. मस्कतमधल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये ते मेकॅनिक होते. मी लांज्याजवळच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात मी आणि सासूबाई. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. दर दोन वर्षांनी त्यांना चाळीस दिवसांची रजा मिळे. म्हणजे चौदा वर्षांत आम्ही दोनशे ऐंशी दिवस एका घरात राहिलो होतो. हे गणित मी एकदा पाचवीच्या वर्गात, मुलं गुणाकार सोडवत बसली असताना, खडू हातात धरून मनातल्या मनात केलं होतं.

बाकी आमचा संसार फोनवर. शुक्रवारी फोन यायचा.

“बरी आहेस?”

“बरी आहे. तुम्ही?”

“बरा आहे. आई?”

“बऱ्या आहेत. जेवलात?”

“जेवलो. ठेवू मग?”

“ठेवा.”

भांडण कधी झालं नाही. भांडायला लागतं तेवढं बोलणंच नव्हतं.

मेमध्ये ते रजेवर येणार होते. ह्या खेपेला फिरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून रत्नागिरीतल्या चुलतभावाला सांगून एक जुनी, पांढरी, टर्बोवाली डिझेल गाडी घेतली. मी गाडी शिकले होते, लायसनही होतं. पहिला आठवडा बरा गेला. मग एक दिवस अंजणारीच्या घाटात गाडीचा दमच संपला. पाय तळापर्यंत दाबला तरी चढेना. मागे काळ्या धुराचा लोट. कशीबशी घरी आणली, तर सकाळी शेडच्या कोब्यावर तेलाचे रुपयाएवढे डाग. नाक्यावरच्या मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाला, “टर्बो गेला बाई. अख्खा बदलायला लागंल.”

शुक्रवारी मी हे फोनवर सांगितलं. नेहमीसारखं “बरं” म्हणून ठेवतील असं वाटलं होतं. पण त्यांचा आवाज एकदम तापला.

“टर्बो गेला? त्यानं ऐकला तरी का?”

“ऐकायचं काय असतं त्यात?”

“सगळं ऐकायचंच असतं! त्याला हात लावू देऊ नकोस. मी ऐकतो.”

माझी सकाळची शाळा सुरू झाली होती. दीडपर्यंत मी घरी येत असे. त्यांची जेवणाची सुट्टी आपल्याकडच्या अडीच वाजता. आईंना सीटवर बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बरोबर अडीचला फोन वाजला.

“पाईप कापलास? एक टोक इंजिनाजवळ फिरव आणि दुसरं तुझ्या कानाला लाव. डॉक्टर नळी लावतो तसं. पट्ट्यापासून हात लांब ठेव. ओढणी काढून ठेवलीस?”

“ठेवली.”

आईंनी रेस दिली. मी पाईप फिरवत गेले. आणि खरंच, त्या गोंगाटात एकेक आवाज सुटा व्हायला लागला. कुठं टकटक, कुठं घरघर. मागच्या कोपऱ्याशी पाईप गेला आणि कानात बारीक सूं... सूं... असं वाजलं. कुणीतरी दातातून श्वास ओढतंय असं.

“ऐकू आलं!” मी ओरडलेच.

“आता ते टोक फोनला लाव.”

मी लावलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “टर्बो ठणठणीत आहे. हे बघ, टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्याला ताब्यात ठेवायला एक बारीक नळी असते, त्या नळीतून हवा सतत खेचलेली असते. नळी कुठं चिरली की बाहेरची हवा आत शिरते, ओढ कमी पडते, आणि पंखा आळसावतो. म्हणून घाट चढत नाही.”

“मग चीर कुठं आहे?”

“देवापुढची उदबत्ती आण.”

“काय?”

“पेटवून त्या नळीच्या कडेकडेनं न्यायची. जिथं धूर आत ओढला जाईल, तिथं चीर. फक्त डिझेलच्या फिल्टरपासून लांब धर.”

आईंनी गाडीतून हाक दिली, “इंजिनाला ओवाळते का गो आता?” मी हसले. मस्कतलाही हसू ऐकू आलं. चौदा वर्षांत आम्ही तिघं एकाच वेळी हसलो ते बहुधा तेव्हाच.

नळी एका लोखंडी पट्टीवर घासून चिरली होती. उदबत्तीचा धूर त्या जागी वाकडा झाला आणि आत गेला. मी तो बघत राहिले. त्यांनी सांगितलं तसं इंजिन बंद करून ब्लेडनं चिरलेलं टोक कापलं, नळी पुन्हा बसवली. सूं थांबलं. संध्याकाळी गाडी घाट चढली.

राहिलं तेल. त्याची तपासणी आणखी आठ दिवस चालली, कारण ते घाई करू देत नव्हते.

“तेल जिथं दिसतं तिथून गळत नसतं. वारा त्याला मागे नेतो. आधी सगळं पुसून काढ. मग तुझी पावडर लाव.”

“माझी? तोंडाला लावायची?”

“तीच. इंजिनाच्या त्या अंगाला पावडर मारायची, दहा किलोमीटर फिरून यायचं. तेल निघतं तिथून पावडर ओली होते.”

हे सगळं करताना अर्धा वेळ वाट बघण्यात जाई. इंजिन थंड व्हायची वाट, तापायची वाट. त्या वेळात फोन चालूच असे. पहिल्यांदा आम्ही दोघंही गप्प बसायचो. मग एक दिवस मी विचारलं, “तुम्ही आता कुठं उभे आहात?”

त्यांना प्रश्न कळला नाही. “म्हणजे?”

“म्हणजे आजूबाजूला काय आहे?”

“शेडची मागची भिंत. सावली आहे हातभर. एक पिंप आहे, त्यावर बसलोय. समोर डोंगर, नुसता दगड. गवताची काडी नाही त्यावर.”

चौदा वर्षं मी ज्याला पत्र पाठवत होते, फोनवर बोलत होते, तो माणूस बसतो कुठं हे मला त्या दिवशी कळलं.

मग ते बोलायला लागले. पहिल्या वर्षी रोज रात्री रडायचे, उशीत तोंड खुपसून, खोलीत आणखी सात जण म्हणून. तिथल्या मेथीच्या भाजीला आपल्यासारखा वास येत नाही. डाव्या हाताची करंगळी दोन हजार सहा साली पंख्यात सापडली होती, आम्हाला सांगितलं होतं की दारात चेमटली. मीही सांगत गेले. शाळेतल्या मोठ्या बाईंची कटकट, आईंचं गुडघ्याचं दुखणं, परसातली काजू ह्या वर्षी किती धरलीय.

अठ्ठावीस मार्चला मी पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली टॉर्च मारला. पावडरीवर टर्बोच्या बुडाशी एक ओली रेघ होती. टर्बोतलं तेल खाली परत जातं त्या नळीची क्लिप सैल होती. इंजिन गार झाल्यावर स्क्रूड्रायव्हरनं दोन आटे आवळले, पुसलं, पुन्हा पावडर मारली, फिरून आले. कोरडी ठाक. कोब्यावर रात्रभर पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठाही कोरडा.

एकोणतीसला शाळेतून आले. जेवले. अडीचला दहा मिनिटं होती. मी शेडमध्ये गाडीसमोर उभी राहिले आणि माझ्या ध्यानात आलं, की आज मी सांगेन, गाडी बरी झाली. ते म्हणतील, शाबास. आणि मग शुक्रवार. बरी आहेस, बरी आहे, ठेवू, ठेवा.

मी बॉनेट उघडलं आणि ती बारीक नळी दोन बोटांनी खेचून काढली. ब्रेकच्या जाड नळीला हात लावायचा नाही हे त्यांनी शिकवलं होतं, तो मी लावला नाही. नाहीतरी गाडी मला कुठं न्यायची नव्हतीच.

फोन वाजला.

“झालं का? क्लिप धरतेय?”

“क्लिप धरतेय,” मी म्हटलं. “पण परत सूं यायला लागलंय.”

“परत?”

“हो. ऐका ना.”

आईंनी रेस दिली. मी पाईपचं टोक फोनला लावलं.  ते ऐकत राहिले. एवढा वेळ त्यांनी कधीच लावला नव्हता.

“हं,” शेवटी ते म्हणाले. “अवघड दिसतंय. उद्या बघू.”

त्यानंतरचे एकोणीस दिवस मी रोज शाळेतून येऊन नळी काढत होते आणि फोन झाल्यावर बसवत होते. रोज ते म्हणत, उद्या बघू. इंजिनाचं बोलणं पाच मिनिटांत आटपे. उरलेला वेळ आमचा.

त्याच दिवसांत मी त्यांना दोन हजार एक सालचं सांगितलं. मला चौथा महिना होता तेव्हा. सगळं संपलं, एवढंच त्या दिवशी मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, आणि ते म्हणाले होते, काळजी घे. दहा वर्षं ते ‘काळजी घे’ मी विसरले नव्हते. त्या दुपारी मी सांगितलं, दवाखान्यातल्या खिडकीतून काय दिसत होतं, नर्स काय म्हणाली, घरी येताना रिक्षात आई माझा हात धरून कशा बसल्या होत्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्या दिवशी एक गिअरबॉक्स जोडत होतो. जोडला. मग सगळा खोलला. परत जोडला, परत खोलला. तीनदा. फोरमन ओरडला, तुला झालंय काय? मला हिंदीत काय सांगावं सुचेना. मराठीतही सुचलं नसतं.”

एकदा नळी काढताना मी मागे वळले तर आई दारात. पदराला हात पुसत माझ्या बोटांकडे बघत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.  त्यांनी चपला काढल्या आणि त्या सीटवर जाऊन बसल्या.

सतरा एप्रिल, रविवार. अडीचचा फोन आला तो त्यांच्या आवाजातच काहीतरी वेगळं घेऊन.

“रेस राहू दे आज,” ते म्हणाले. “ऐक. कंपनी इथल्या दक्षिण टोकाला, सलालाला, नवं वर्कशॉप काढतेय. मला मोठा मेस्त्री करतायत. तीन वर्षांचा करार. पहिल्या वर्षी रजा नाही.”

“म्हणजे मेमध्ये...”

“नाही.”

शेडचा पत्रा तापून तडतडत होता. मी विचारलं, “कधी सांगायचंय त्यांना?”

“सकाळी सही करून आलो.”

“न विचारता?”

“काय विचारणार, विनया? चौदा वर्षांत तू एकदाही म्हणाली नाहीस, परत या. प्रत्येक खेपेला निघताना मी बघायचो. तू डबा भरून देत होतीस, बॅगेचं कुलूप तपासत होतीस. मला वाटलं, तुझं नीट चाललंय.”

“आणि ही गाडी?” माझा आवाज फाटला. “इतके दिवस मी ही गाडी...”

“गाडी अठ्ठावीस मार्चलाच बरी झाली होती.”

माझी नजर काढून ठेवलेल्या नळीवर गेली.

“चिरलेली नळी इंजिनाच्या थरथरीबरोबर थांबत थांबत वाजते,” ते हळू म्हणाले. “काढून ठेवलेली एकसारखी वाजते. बावीस वर्षं हेच ऐकतोय मी. पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, ठेवा.”

त्यांच्या फोन कार्डाची मिनिटं संपली आणि फोन तुटला.

आई अजून ड्रायव्हरच्या सीटवर होत्या. काच खाली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं, निदान माझ्या बाजूचं. मी दारापाशी जाऊन उभी राहिले तशा म्हणाल्या, “तुझा सासरा छत्तीस वरसं मुंबईला गिरणीत. शिमग्याला यायचा नि गणपतीत यायचा. मी पण कधी ये म्हटलं नाय. ये म्हणायचं असतं, ह्येच कोणी सांगितलं नाय मना.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “मी तुला सांगत्ये.”

सोमवारी अडीचला फोन येईल की नाही याची मला खात्री नव्हती. आला.

“बरी आहेस?”

“या,” मी म्हटलं.

“काय?”

“सही केलीत ती केलीत. तीन वर्षं तर तीन वर्षं. पण नंतर कागद पुढं आला तर त्यावर सही करू नका. मला तुम्ही इथं हवे आहात. या.”

पलीकडे कुठंतरी हातोडा वाजत होता. तो थांबला, परत सुरू झाला. मग त्यांचा आवाज आला, अगदी लहान होऊन.

“परत म्हण.”

“या.”

ती तीन वर्षं सगळ्यात लांब होती. आधीच्या चौदा वर्षांत वाट कशी बघायची ते मला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ती निभली. आता ठाऊक झालं होतं. आई दोन हजार तेरात गेल्या. तेव्हा ते पंधरा दिवसांसाठी आले आणि गेले. दोन हजार चौदाच्या जूनमध्ये कायमचे आले. मी रत्नागिरी स्टेशनवर त्यांना आणायला गेले होते. घरापर्यंत आम्ही हवापाण्याचं बोललो.

त्यांनी नाक्यावर लहानसं गॅरेज टाकलं. माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. लोक लांबून येतात त्यांच्याकडे. घरी ते शांत असतात. हातपाय धुतात, जेवतात, बातम्या बघतात, माझ्या वह्या तपासून होईपर्यंत डुलक्या घेतात. चांगला माणूस आहे. माझ्या अंगावर पांघरूण सरकलं तर झोपेतही नीट करतो. पण पिंपावर बसून बोलणारा तो दुसरा माणूस मला घरात कुठं दिसेना. आणि ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला तो शेजारी बसलेला असताना, मला तुमची आठवण येते, हे त्याला सांगणार कसं?

गेल्या वर्षी एका दुपारी, मधल्या सुट्टीत, मुलं अंगणात खिचडी खात असताना, मी शाळेमागच्या चिंचेखाली गेले आणि त्यांना फोन लावला.

“काय गं? काय झालं?”

“काही नाही. तुम्ही आता कुठं बसलाय?”

 मला वाटलं, हसतील, कामात आहे म्हणतील.

“गॅरेजच्या मागे,” ते म्हणाले. आणि तो तोच आवाज होता. “फणसाखाली. हाताखालचे तिघं मेस्त्री जेवायला गेलेत. समोरच्या कुंपणावर एक खंड्या बसलाय, मघापासून हलला नाही. तू?”

आम्ही चाळीस मिनिटं बोललो. घंटा होऊन गेली, मला वर्गावर पळत जावं लागलं.

संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले, जेवले, बातम्या लावल्या. त्या फोनचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला.